अल्विन नोस्केची डावी टाच

तारनूकमध्ये अल्विन नोस्केला नावानं हाक मारणारी माणसं दोनच होती, त्याची आई आणि त्याची बायको. बाकी सगळा गाव त्याला खांब म्हणे. उंची सहा फूट तीन इंच, हाडं रुंद, बोलणं जेवढ्यास तेवढं. रुळांलगत गव्हाचं कोठार आहे, तिथं त्यानं आयुष्यभर काम केलं. त्याचा बाप तिथंच हमाल होता. त्या काळी गहू पोत्यांतून येई. ऐंशी किलोचं पोतं उजव्या खांद्यावर घ्यायचं आणि फळीवरून चढत जाऊन थप्पीवर टाकायचं. अल्विननं पंधराव्या वर्षी हे काम धरलं. पुढे पोती गेली, गहू ट्रकमधून मोकळा येऊन जाळीत ओतला जाऊ लागला; पण खांद्यावरचा घट्टा गेला नाही, आणि खांदा जरासा जड झाला तो झालाच.

वाईट काम त्याला खपत नसे. सतरा वर्षांचा असताना त्यानं एकदा दुसऱ्यानं रचलेली अख्खी थप्पी उतरवली होती, कारण तिसरा थर कलला होता. मुकादम म्हणाला, राहू दे, उद्या मालगाडीत भरायचीच आहे. अल्विन म्हणाला, उद्यापर्यंत कललेलीच राहील ना. आणि एकट्यानं परत रचली.

शनिवारी तो फुटबॉल खेळे, ऑस्ट्रेलियातला, लांबट चेंडूचा, हातांनीही खेळायचा. विमेराच्या त्या सपाट मुलखात शनिवारी दुसरं काही करायचं नसतंच. मैदानाच्या कडेनं गाड्या नाक आत करून उभ्या राहतात, गोल झाला की हॉर्न वाजतात, आणि म्हातारी माणसं काचा वर करून आतूनच पंचाला शिव्या घालतात. अल्विन तारनूकचा रकमन होता. पंच चेंडू जमिनीवर आपटतो, चेंडू सरळ वर उडतो, आणि दोन्ही बाजूंचा एकेक उंच गडी धावत येऊन त्यावर झेप घेतो, तो रकमन. त्यानं तळहातानं चेंडू खाली टोलवायचा, आणि पायाशी घुटमळणाऱ्या बुटक्या, चपळ गड्यानं तो उचलून पळायचं. तो रोव्हर. झेप घेतो एक, पळतो दुसरा, आणि हॉर्न वाजतात ते पळणाऱ्यासाठी.

तारनूकचा रोव्हर होता रसेल किओ. गावाबाहेर किओंची गाई-मेंढ्यांची जमीन होती, तिथला धाकटा मुलगा. अल्विनपेक्षा दोन वर्षांनी लहान आणि आठ इंचांनी बुटका. चेहरा हसरा, केस विस्कटलेले. उशिरा यायचा आणि कोणी रागवायच्या आत सगळ्यांना हसवायचा.

या दोघांनी कोठाराच्या मागं, धूळ पांढरी पडलेली असे तिथं, दोन हिवाळे सराव केला. कल्पना अल्विनची होती. मैदानावर मनातल्या मनात घड्याळ आखायचं. बारा म्हणजे ज्या गोलकडे आपण चाललोय ती दिशा. चेंडू आठ वाजता द्यायचा असेल तर अल्विन झेपेआधी डावी टाच बाहेर वळवी. चार वाजता द्यायचा असेल तर टाच सरळ. सहा वाजता, म्हणजे आपल्याच पाठीमागं, तर टाच किंचित उचललेली. रसेलनं टाच बघायची आणि चेंडू यायच्या आधी तिथं पोचायचं. समोरच्यांना काही कळत नसे. ते चेंडूकडे बघत.

रोज कामानंतर चाळीस झेपा. अल्विन ट्रक रिकामे करून, नऊ तास उभं राहून आलेला असे. रसेल कधी गाईंचं दूध काढून येई, कधी यायचाच नाही. आला नाही त्या दिवशी अल्विन एकटाच चेंडू भिंतीवर उंच मारी, झेप घेई, आठ वाजता टोलवी, मग स्वतःच जाऊन उचलून आणी. चाळीस पूर्ण झाल्याशिवाय घरी जात नसे. रसेल किती दिवस आला नाही, हे त्याच्या पक्कं लक्षात राहिलं. दोन हिवाळ्यांत अठरा दिवस.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबचा माणूस गावात आला. या मुलखातले चांगले गडी त्याच क्लबाच्या वाट्याचे, असा तेव्हा नियम होता. हॅट घातलेला म्हातारा, एका गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. सामना मिरिलशी होता. अल्विन त्या दिवशी जसा खेळला तसा पुन्हा कधी खेळला नाही. चेंडू वर गेला की त्याचाच. टाच वळे, हात उठे, आणि चेंडू रसेलच्या छातीवर असा येऊन पडे जसा आईनं डबा हातात द्यावा. रसेलनं सहा गोल मारले. हॉर्न वाजून वाजून दोन गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या.

सामन्यानंतर म्हातारा पत्र्याच्या खोलीत आला. आत मालिशच्या तेलाचा वास, ओले टॉवेल, चिखल. त्यानं रसेलला बाजूला घेतलं आणि पंधरा मिनिटं बोलला. मग निघताना दारात अल्विन उभा होता, त्याच्याकडे मान वर करून पाहिलं.

"चांगला रकमन आहेस," म्हातारा म्हणाला. "काम काय करतोस?"

"कोठारावर."

"चांगलं काम आहे. सोडू नकोस."

मग दार ओलांडता ओलांडता म्हणाला, दोन इंच अजून असतास तर. एवढंच. मेहनतीनं माणसाचा दम वाढतो, झेप वाढते, नजर तयार होते. उंची वाढत नाही. अल्विनच्या मनात ते दोन इंच काचेच्या तुकड्यासारखे रुतले ते कायमचे.

रसेल शहरात गेला. पहिली दोन वर्षं तो राखीव संघात होता, आणि अल्विनला ती दोन वर्षं बरी गेली. तो पबमध्ये म्हणे, "माझ्याशिवाय काय करणार तो? चेंडू हातात दिला तर पळतो, एवढंच." लोक माना डोलवत. तिसऱ्या वर्षी रसेल मुख्य संघात आला आणि पुन्हा बाहेर गेला नाही. बारा हंगामांत दोनशे तीन सामने, दोनदा क्लबाचा सर्वोत्तम गडी, एकदा अजिंक्यपद, लाखभर माणसांसमोर. तारनूकच्या दूधवाल्याच्या दुकानात शीतपेटीच्या वर त्याचा फोटो लागला. अल्विनला रोज सकाळी वर्तमानपत्र आणायला तिथं जावं लागे. तो सुट्टे पैसे फोटोकडे पाठ करून मोजी.

"मीच घडवला त्याला" हे वाक्य तो अजून काही वर्षं बोलत राहिला. आधी लोक हो म्हणत, मग हसत, मग ग्लासात बघत. एकदा गावच्या क्लबाचा अध्यक्ष बर्न हॅन्राहन म्हणाला, "बरोबर आहे खांबा, आणि घोड्यांच्या शर्यती नाल ठोकणारा जिंकतो." त्यानंतर अल्विननं ते बोलणं बंद केलं. मनात मात्र चालू राहिलं, आणि बाहेर वाट बंद झाल्यावर जास्तच जोरात. रसेल म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा. पीठ कोणी दळलं, हे कोणी विचारत नाही.

शनिवारी संध्याकाळी शहरातले सामने टीव्हीवर दाखवत. अल्विनची बायको ग्लेनिस मुलीला मांडीवर घेऊन बघे. अल्विन त्या वेळी मागच्या अंगणात जाऊन लाकडं फोडी. खिडकीतून समालोचकाचा आवाज येई, "किओ... पुन्हा किओ..." आणि कुऱ्हाड जोरात पडे. नोस्क्यांच्या घरी तीन हिवाळे पुरतील एवढी लाकडं नेहमी असत. बारा वर्षांत त्यानं रसेलचा एकही सामना धड पाहिला नाही. तरी त्याचे दोष त्याला तोंडपाठ होते: गुडघा वळवताना दचकतो, अंगावर येणारा गडी दिसला की डोळे मिटतो, आणि डावा पाय म्हणजे लाकडाचा. डाव्यानं त्याला चेंडू मारताच येत नाही.

ग्लेनिस एकदा म्हणाली, "अरे, बघत नाहीस तर तुला कसं माहीत?"

"मला माहीत आहे," अल्विन म्हणाला. "दोन वर्षं मी त्याच्या पायांकडे बघितलंय."

नाताळात रसेल घरी येई. कोणा विक्रेत्यानं चालवायला दिलेली नवी गाडी, बायकोच्या डोळ्यांवर काळा चष्मा. तो अल्विनच्या दारी येऊन बिअर घेऊन बसे, मिठी मारी, मुलीला खाऊ देई. वागण्यात खोट काढायला जागा नसे, आणि ते अल्विनला सर्वांत जास्त खुपे. उद्धट झाला असता तर पाण्यात पाहायला सोपं गेलं असतं.

अल्विनला एकच गोष्ट हवी होती. पैसा नको, फोटो नको. रसेलनं एकदा चारचौघांत म्हणावं, माझ्यामागं नोस्केचा हात आहे. दोनशेव्या सामन्याच्या वेळी वर्तमानपत्रात रसेलची पानभर मुलाखत आली. अल्विननं ती कोठाराच्या वजनखोलीत उभ्या उभ्या वाचली. आईवडिलांचे आभार होते, शाळेतल्या मास्तरांचे होते, शहरातल्या दोन प्रशिक्षकांचे होते, गुडघ्याच्या डॉक्टरचे होते. तारनूकचं नाव एकदा होतं, गाईंच्या संदर्भात. त्यानं ते पान घडी करून खिशात ठेवलं, घरी आल्यावर चुलीत घातलं आणि नंतर वाटलं, ठेवायला हवं होतं, पुन्हा वाचून पाहायला, कदाचित नजरेतून सुटलं असेल.

१९८६ मध्ये किओंचा म्हातारा वारला आणि रसेल जमीन बघायला कायमचा परत आला. तेहतीस वर्षांचा, दोन्ही गुडघे कापून शिवलेले. तारनूकच्या क्लबानं त्याला खेळायची गळ घातली आणि जून संपायच्या आत त्याचे कागद करून घेतले, कारण त्यानंतर गडी घेता येत नाही. पण गुडघा सुजला तो उतरेना. हंगामाचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर, मिरिलशी होता. रसेल म्हणाला, एवढा एकच खेळतो आणि बूट टांगतो.

अल्विन तेव्हा पस्तीस वर्षांचा होता आणि अजून तारनूकचा रकमन होता. सतरा हंगाम. त्याच्या अडीचशेव्या सामन्याला क्लबानं त्याला एक थर्मास दिला होता.

रसेलसाठी बायकांनी कागदी कमान करायला घेतली. शहरात करतात तशी, मैदानात शिरताना संघ जिला फाडून आत धावतो ती, दोन बांबूंमध्ये ताणलेली क्रेप कागदाची. गावच्या सभागृहात आठवडाभर खळ आणि कात्र्या चालल्या. गुरुवारी ग्लेनिस घरी आली ती मनगटापर्यंत निळी. कागदाचा रंग ओल्या खळीत सुटला होता. तिनं घासून पाहिलं, रंग गेला नाही. रात्री जेवताना अल्विनसमोर बटाटे वाढणाऱ्या हातांवर रसेलच्या नावाचा रंग होता.

"तुझ्यासाठी पण करायला हवी होती रे कधीतरी," ती म्हणाली.

अल्विन म्हणाला, "पाऊस पडला तर फुकट जाईल कागद."

पाऊस पडला नाही. शनिवारी दुपारी ऊन होतं, वारा थंड होता. आजूबाजूच्या चार गावांतून गाड्या आल्या, मैदानाभोवती दोन रांगा झाल्या. बांबू धरायला उंच माणूस हवा होता. बर्न म्हणाला, "खांबा, तू धर जरा, तुझ्याशिवाय कोण पुरणार?" तेव्हा ज्या कमानीतून संघ धावत आला तिचा एक बांबू अल्विनच्या हातात होता. सगळे पुढं गेल्यावर तो फाटक्या कागदावरून चालत आत आला.

त्यानं आधी काही ठरवलं नव्हतं. निदान नंतर स्वतःला तो तेच सांगे. पंचानं चेंडू आपटला, चेंडू वर गेला, रसेल जुन्या सवयीनं त्याच्या टाचेकडे बघत वाकून उभा होता. अल्विननं टाच बाहेर वळवली. आठ वाजता. रसेल आठकडे सुटला. आणि अल्विननं झेप घेऊन चेंडू दोन वाजता टोलवला, मिरिलच्या रोव्हरच्या पुढ्यात.

रसेल रिकाम्या हातानं वळला. अल्विननं खांदा चोळल्यासारखं केलं.

दुसऱ्यांदा टाच सरळ होती, चार वाजता. चेंडू गेला दहाला. आयुष्यात त्यानं मुद्दाम वाईट केलेलं हे पहिलं काम. कललेली थप्पी त्याला बघवत नसे, आणि इथं तो स्वतःच्या हातानं, सगळ्या गावासमोर, थर कलता रचत होता. कोणाला कळलं नाही. गाड्यांमधून आवाज आले, "खांबाचं वय झालं रे." ते त्याला लागलं, पण त्यामागं दुसरी एक गोष्ट जास्त जोरात होती. त्याला बघायचं होतं. माझा हात काढून घेतला तर काय उरतं, ते एकदाचं दिसू दे सगळ्यांना. पंधरा वर्षं हे तो मनात म्हणत आला होता. आज पुरावा मिळणार होता.

सामन्याच्या चारपैकी पहिल्या पाव भागात रसेलला चेंडू दोनदा मिळाला. मिरिलचे तीन गोल झाले.

दुसऱ्या पाव भागात काहीतरी बदललं. अल्विननं टाच आठला दाखवली आणि चेंडू दोनला दिला, तर दोनला रसेल उभा होता. मिरिलच्या रोव्हरच्या पाठीमागं, त्याच्या कोपराला जवळजवळ चिकटून, आणि चेंडू जमिनीला लागायच्या आत त्याच्या हातात. पुढच्या वेळी अल्विननं दहाला दिला. रसेल दहाला. मग त्यानं मिरिलच्या रकमनलाच झेप जिंकू दिली, हात उचललाच नाही, तर त्याच्या चापटीखालीही रसेल होता. अल्विन खाली आला की वळून बघे. आधी कधी त्यानं असं बघितलं नव्हतं. झेप, चापट, जमिनीवर पडणं, उठणं, एवढंच त्याचं काम असे. पुढचं हॉर्नवरून कळे.

आता त्यानं पाहिलं. रसेल वेगानं पळत नव्हता, वेग संपला होता. गुडघे वळताना तोंड वेडंवाकडं होत होतं. पण तो थांबत नव्हता. चेंडू नसतानाही तो सारखा हलत होता, चार पावलं इकडे, दोन तिकडे, प्रत्येक गड्याकडे बघत, जसा मेंढ्यांचा कुत्रा कळपाभोवती फिरतो. एक चेंडू उचलायला तो पाच वेळा फुकट जात होता. त्या पाच खेपा कोणी मोजत नव्हतं. अल्विननं मोजल्या, कारण मेहनत मोजणं त्याच्या हाडात होतं. मैदानावर त्या दिवशी रसेलएवढं काम कोणीच केलं नाही. आणि उजवीकडून दोन गडी अंगावर आले तेव्हा त्यानं डोळे मिटले नाहीत, चेंडू डाव्या पायावर टाकला आणि चाळीस मीटरवरून गोल केला.

सगळे हॉर्न एकदम वाजले. अल्विनला वाटलं, आपल्या हातातून कोणीतरी काहीतरी काढून घेतलं.

तिसरा पाव भाग संपल्यावर संघ मैदानाच्या मध्यभागी गोळा झाला. बायका कापलेल्या संत्र्यांचं ताट घेऊन आल्या. एका गोलाचे सहा गुण, आणि तारनूक दहा गुणांनी मागं होतं. प्रशिक्षक पोरांवर ओरडत होता. रसेल संत्र्याची फोड चोखत अल्विनच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दुसरीकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "खांदा दुखतोय का?"

"नाही."

"मला आधी वाटलं, दुखत असेल. मग बघितलं, टाच एक सांगते आणि खांदा दुसरीकडे वळतो. तुझ्या खांद्याला वळायला वेळ लागतो, पोती वाहिलीत त्यानं. त्याला खोटं बोलता येत नाही. मग मी टाच सोडली आणि खांद्याकडे बघत राहिलो."

अल्विननं ताटातली एक फोड उचलली.

"शहरात पहिली दोन वर्षं राखीव संघातल्या रकमननं मला एक चेंडू दिला नाही," रसेल म्हणाला. "त्याचा मेहुणा रोव्हर होता. मी दुसऱ्यांच्या हाताखालचं उचलायला शिकलो. डाव्या पायानं मारायला शिकलो, रोज सकाळी, कामावर जायच्या आधी. तेव्हा माझं काही अडलेलं नाही, गड्या."

"मग सांगतोस कशाला?"

रसेलनं संत्र्याची साल ताटात टाकली. "तू काम बिघडवतोयस. तुला काम बिघडवताना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून."

आणि तो लंगडत आपल्या जागेवर गेला.

शेवटच्या पाव भागात अल्विननं टाच खरी ठेवली. आठ म्हणजे आठ, चार म्हणजे चार. खांदा जळत होता तरी प्रत्येक चेंडूवर तो पूर्ण उंच गेला. रसेलनं दोन गोल केले, त्यातला एक पुन्हा डाव्यानं. भोंगा वाजला तेव्हा तारनूक तीन गुणांनी हरलं होतं. पहिल्या पाव भागात मिरिलला फुकट मिळालेले तीन गोल कोणाच्या हातून गेले, हे दोनच माणसांना माहीत होतं.

निवृत्त होणाऱ्या गड्याला खांद्यावर बसवून मैदानाबाहेर नेतात. दोन माणसं लागतात, एक या मांडीखाली, एक त्या. बर्ननं अल्विनला हात केला. उंच होता आणि जुना जोडीदार. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं उजवा खांदा दिला. रसेलचा सुजलेला गुडघा त्याच्या कानाशी होता, गरम, पट्टीखाली ठणठणणारा. वजन पोत्याइतकंही नव्हतं. दोन्ही रांगांतल्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि अल्विन खाली बघत, चिखलात पाय नीट टाकत चालला, कारण वर जो कोणी असेल तो, खांद्यावर घेतलेलं पाडायचं नसतं.

क्लबाच्या खोलीत चहा, बिअर, क्रीमचे केक. बर्ननं रसेलच्या हातात माइक दिला. रसेलनं आधी दोन विनोद केले, बायकांच्या कमानीबद्दल बोलला, वडिलांबद्दल थोडं. मग थांबला.

"शहरात मला नेहमी विचारायचे, तुला कोणी घडवलं," तो म्हणाला. "मी दहा नावं सांगायचो. खरं एकच आहे. तो तिथं उभा आहे, दाराच्या चौकटीला डोकं लागतंय बघा. खांबाच्या हातून चेंडू मिळाला नसता तर मी अजून गाईंचं दूध काढत बसलो असतो."

टाळ्या पडल्या. माणसं वळून अल्विनकडे बघायला लागली. कोणी पाठीवर थाप मारली. पंधरा वर्षं वाट पाहिलेलं वाक्य, त्याच गावात, त्याच माणसाच्या तोंडून, सगळ्यांसमोर. आणि अल्विनला ते घेता येईना. दुपारीच त्यानं स्वतः तपासून पाहिलं होतं. हात काढून घेतला, आणि काही पडलं नाही.

"खोटं बोलतोय तो," अल्विन म्हणाला.

लोक हसले. त्यांना विनय वाटला.

"आज तीन पाव भाग मी त्याला चेंडू दिला नाही," तो जरा मोठ्यानं म्हणाला. "मुद्दाम."

मग बर्न म्हणाला, "अरे खांबा, मुद्दाम कशाला म्हणतोस? वय झालंय तुझं, कबूल कर." आणि खोली अशी हसली की कपबशा वाजल्या. अल्विनच्या हातात कोणीतरी बिअर दिली. हसला नाही तो फक्त रसेल. त्यानं माइक खाली ठेवला, अल्विनकडे पाहून मान थोडी हलवली, आणि दुसऱ्या माणसाशी बोलायला वळला.

तेही अल्विनला जमलं नसतं. कोणी आपल्याला असं लुटलं असतं तर आपण त्याचं नाव असं घेतलं नसतं, हे त्याला बिअर संपेपर्यंत कळून चुकलं. पायात होतं ते त्याचं, नजरेत होतं ते त्याचं, आणि हे मोठेपणही त्याच्याच वाट्याला गेलं. अल्विननं ग्लास धुऊन पालथा ठेवला आणि बाहेर जाऊन कमानीचे बांबू सोडवले, कागदाचे निळे तुकडे गोळा करून पिंपात टाकले. कोणीतरी करायलाच हवं होतं.

घरी जाताना गाडी ग्लेनिस चालवत होती, कारण अल्विनचा खांदा वर उचलला जात नव्हता. कोठाराच्या जवळून जाताना ती म्हणाली, "बोलला ना शेवटी. समाधान झालं?"



"डाव्या पायानं त्याला कधीच मारता यायचं नाही," तो म्हणाला.

"आज डाव्यानंच दोन गोल मारले त्यानं."

"हो," अल्विन म्हणाला. "पाहिले मी."